कपाच्या तळाशी

"काळे चष्मे कुठे ठेवलेत?"

हा त्यानं मला विचारलेला पहिला प्रश्न. मी चाकावर बसले होते, दोन्ही हात कोपरापर्यंत मातीत, समोरचा कप नुकता कुठे आकाराला येत होता. आणि दारात एक उंच माणूस उभा राहून माझ्याकडे चष्मे मागत होता.

"इथे कप मिळतात," मी मान वर न करता म्हटलं. "बशा मिळतात. फारच हट्ट धरलात तर एखादी बरणी. चष्म्यांचं दुकान पलीकडच्या रस्त्याला."

"पण तुम्हीच तर कळवलंत. सत्तर टक्के सवलत... फक्त आजच्या दिवस." आणि त्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला.

निरोप माझ्याच दुकानाच्या ऑनलाइन पानावरून गेलेला होता. वर माझं चिन्ह, निळा वाकडा कप, आणि खाली ओळीनं काळे चष्मे. शेवटी लिहिलेलं, 'प्रिय ग्राहक, डोळ्यांची काळजी घ्या.' तेवढ्यात चाकावरचा कप एका बाजूला कलला आणि बसला तो बसलाच.

"अहो, हे मी नाही पाठवलं!"

"माहितीये. म्हणूनच आलो." तो दारातच, पायातल्या बुटांकडे बघत म्हणाला. फरशीवर ओली माती होती आणि त्याचे बूट फारच स्वच्छ होते. "मागे तुमच्याकडून एक कप मागवला होता. त्यात चिठ्ठी होती, 'फुटला तर मला सांगू नका, वाईट वाटतं.' असं लिहिणारी बाई मला प्रिय ग्राहक म्हणणार नाही, असं वाटलं."

मी पहिल्यांदा नीट वर बघितलं. डोळे हसरे होते. आणि गंमत म्हणजे त्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तरी त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव 'चष्मेवाला' पडलं ते पडलंच.

दोन गल्ल्या सोडून जो मोठा दवाखाना आहे, तिथल्या कॉम्प्युटर विभागात तो कामाला होता. दिवसभर डॉक्टरांना आणि नर्सना एकच गोष्ट सांगायची, की आलेल्या प्रत्येक लिंकवर बोट ठेवू नका.

"ऐकतात?" मी हात धूत विचारलं.

"तुम्ही ऐकाल का?"

मी ऐकणाऱ्यांतली नाही, हे मावशीनं आतून ओरडून सांगितलं. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. मी कप करते, ती ते खोक्यात भरते, विकते आणि माझ्या आयुष्यावर जाहीर मतं देते. पण त्या दिवशी मला ऐकणं भाग होतं. ते पान गेलं असतं तर माझं सगळंच गेलं असतं. कितीतरी वर्षांची गिऱ्हाइकं, प्रत्येक भट्टीचे फोटो, दूरदूरच्या कुंभारांशी जमलेली ओळख... सगळं तिथे. दुकानाला दुसरं दार नव्हतंच.

माझा जुना लॅपटॉप त्यानं स्वतःकडे ओढला नाही, हे मला आवडलं. शेजारी स्टूल घेऊन बसला आणि म्हणाला, "तुम्हीच करा. मी नुसतं सांगतो. तुमचा पासवर्ड मला सांगू नका."

"सांगत नव्हतेच."

"फक्त एवढं सांगा... त्यात 'माती' आहे का?"

मी लॅपटॉपवरची माती पुसायला लागले.

"पुढे एक-दोन-तीन?"

"तुम्ही चोर आहात का हो?"

"नाही. पण चोराला यापेक्षा जास्त वेळ लागला नसेल."

मावशी आत खो-खो हसली. मी लाल झालेल्या कानांनी पासवर्ड बदलला. मग चष्मेवाल्यानं समजावलं, की नुसता पासवर्ड म्हणजे एकच कडी लावलेलं दार. तो कुणी चोरला, की संपलं. म्हणून दुसरी कडी हवी, जी फक्त तुमच्याजवळ असते. तुमचा फोन, नाहीतर तुमचा अंगठा.

"अंगठा!" मी म्हटलं. "अंगठा बरा. तो मी कुठे विसरत नाही."

पण फोननं माझा अंगठा ओळखायला साफ नकार दिला. पुसून ठेवला, उलटा ठेवला, दुसऱ्या हाताचा ठेवला... प्रत्येक वेळी फोन थरथरून नाही म्हणाला. चष्मेवाल्याला राहवलं नाही. "बघू?" म्हणून त्यानं माझा हात उजेडात धरला आणि अंगठ्यावर वाकला. त्याची बोटं कोरडी आणि ऊबदार होती. माझी गार, चाकावरच्या पाण्यानं सुरकुतलेली.

"इथे तर काहीच नाही," तो हळूच म्हणाला. "तुमचे ठसे गेले कुठे?"

"कपांवर," मी म्हटलं. चाकावर फिरणारी माती रोज थोडी थोडी कातडी घासत नेते. आमच्या धंद्यात सगळ्यांचंच तसं होतं, मला त्यात नवल वाटत नव्हतं. पण तो माझ्या अंगठ्याकडे असा बघत राहिला, जणू पहिल्यांदाच काहीतरी वाचतोय. हात सोडायचा राहिला आहे, हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं.

"म... मग आकडे देणारं ॲप घेऊ," तो घसा साफ करत म्हणाला.

लॅपटॉपवर ठिपक्याठिपक्यांचा एक चौकोन उमटला, तो मी फोनला दाखवला आणि फोनमध्ये सहा आकडे उगवले. थोड्या वेळानं पुसले गेले आणि दुसरे आले. मग तिसरे. मी बघतच बसले. मला एखादी गोष्ट कशी चालते हे कळल्याशिवाय अन्न गोड लागत नाही.

"हे आकडे फोनला कोण पाठवतं?"

"कुणीच नाही. नेट बंद करून बघा."

केलं. आकडे बदलतच राहिले. "आणि तिकडे त्यांना कसं कळतं, की इथे कुठला आकडा आलाय?"

त्याचा चेहरा खुलला. कदाचित दवाखान्यात हे कुणी विचारत नसावं. "आत्ता तो चौकोन दाखवलात ना, तेव्हा दोघांनी एक गुपित वाटून घेतलं. एकदाच. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. आपापल्या जागी बसून, घड्याळाकडे बघत, तेच गणित करतात... आणि दोघांचं उत्तर दर वेळी तेच येतं."

"न बोलता?"

"न बोलता."

"कितीही लांब असले तरी?"

"घड्याळ बरोबर असलं म्हणजे झालं," तो म्हणाला आणि का कोण जाणे, आम्ही दोघांनीही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

निघताना त्यानं शेवटची ताकीद दिली. फोन हरवला तर आत जायला दहा राखीव कोड मिळतात, आठ-आठ आकड्यांचे. एक कोड एकदाच चालतो. "फोनमध्ये ठेवू नका. आगीत जळणार नाही, पाण्यात भिजणार नाही अशा जागी ठेवा. नाहीतर कंपनीकडे ओळख पटवत बसावं लागेल, त्याला पुष्कळ दिवस लागतात."

आता मला सांगा, जे आगीत जळत नाही आणि पाण्यात भिजत नाही, असं कुंभारणीकडे काय असतं?

कागद जळतो. भिजतो. आमच्याकडे तर मावशी त्यात कप गुंडाळून देते. मी सरळ दहा ओले कप घेतले आणि प्रत्येकाच्या तळाशी एकेक कोड कोरला. आमच्यात नमुन्याच्या कपाखाली आकडे कोरतातच, कुठलं ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत लेप, कितवा प्रयोग वगैरे. कुणाला संशय यायचं कारण नाही. भट्टीतून निघाले तेव्हा त्यांच्यावर असा काही हिरवट रंग उतरला होता, की मी स्वतःवरच खूश झाले. कोड उतरवलेला कागद भिजवून लगदा केला आणि कप वरच्या फळीवर मांडून ठेवले. मावशीला काही बोलले नाही. गुपित ते गुपित.

चष्मेवाला पुढच्या आठवड्यात आला. "सगळं चालतंय ना, बघायला." त्याच्या पुढच्या आठवड्यातही आला, तेही बघायलाच. एकदा मी माती आणायला गेले असताना येऊन गेला आणि मावशीनं त्याला एक कप भेट दिला. बहिणीनं त्याचा आधीचा कप पळवला होता म्हणे. "एवढी मदत केली बिचाऱ्यानं," मावशी म्हणाली. मी म्हटलं, बरं केलंस.

त्यानंतर मात्र तो जरा विचित्रच वागायला लागला.

"मी जपून ठेवलाय हं," एकदा जाता जाता दारात थांबून म्हणाला.

"काय?"

"कप." आणि लालबुंद झाला.

दुसऱ्यांदा म्हणाला, "तुम्ही एवढा विश्वास... म्हणजे मी कुणाला दाखवलेला नाही."

कप कुणाला दाखवायचा नाही? मला आवडतं, कुणी माझा कप चारचौघांत मिरवला तर. पण तो इतक्या गंभीर चेहऱ्यानं बोलायचा, की विचारायचा धीर होईना. कोडंच होतं ते. रात्री अंथरुणावर पडल्यावर मी त्याची वाक्यं उलटसुलट करून बघायचे, आणि मग चिडायचे, की मी हे का करतेय. हळूहळू माझं मलाच कळलं. मला कोडं नको होतं, तो हवा होता. तो यायचा त्या दिवशी मी कप कमी करायचे आणि वाट जास्त बघायचे.

"किती दिवस अहो-जाहो चालायचं तुमचं?" मावशी विचारायची. मी तिला खोकी मोजायला सांगायचे.

आणि नेमकं तेव्हाच ते बोलावणं आलं.

माझ्या त्याच पानावर. खूप दूर, डोंगरात, लाकडावर पेटणारी एक प्रचंड जुनी भट्टी होती. दर वर्षी एकाच कुंभाराला तिथे आठ महिने राहून काम करायला मिळायचं. मी तीन वर्षं अर्ज करत होते. 'या,' त्यांनी लिहिलं होतं. 'महिनाअखेरीच्या संध्याकाळपर्यंत इथेच होकार कळवा, नाहीतर पुढच्या नावाला विचारू.' त्यांच्याशी बोलायला तेवढी एकच जागा होती. डोंगरात त्यांचे फोन लागत नसत.

आधीची मी असते तर त्याच क्षणी होकार कळवून नाचले असते. पण मी रोज उद्यावर ढकलत राहिले. आठ महिने... आणि आठवड्यातून एकदा दारात उभा राहणारा तो, बूट सांभाळत. त्याला सांगितलंही नाही. काय म्हणून सांगणार होते? मी त्याची कोण?

शेवटच्या दिवशी सकाळी मनाशी ठरवलं, जायचं. भट्टीशिवाय मी मीच राहणार नाही. हात धुऊन होकार लिहायचा, असं म्हणत भट्टीच्या खिडकीतून आत डोकावायला वाकले आणि एप्रनच्या खिशातला फोन सरकून खाली पातळ मातीच्या बादलीत गेला. टप्प! बाहेर काढला तेव्हा तो फोन राहिला नव्हता, मातीचं ढेकूळ झालं होतं. पुसला, झटकला, चालू केला... काही नाही.

लॅपटॉप उघडला. पासवर्ड टाकला. 'कोड टाका,' तो म्हणाला.

मी हसलेसुद्धा. म्हटलं, बघ, किती शहाणी मी! स्टूलवर चढले, वरच्या फळीवर हात घातला. हाताला नुसती धूळ लागली.

"मावशी! इथले कप कुठेत?"

"ते हिरवट? गेले की! परवाच्या बाजारात हातोहात खपले. तुला सांगायचंच राहिलं."

"सगळे?"

"सगळे. म्हणजे एक तेवढा आधीच तुझ्या चष्मेवाल्याला दिला होता, तो सोडून." ती माझा चेहरा बघून थबकली. "का गं? काय झालं?"

मी उत्तर द्यायला थांबले नाही. लॅपटॉप बगलेत मारला आणि निघाले.

दवाखान्याच्या दारावरच्या माणसानं माझे चिखलाचे कपडे बघून घाबरून विचारलं, "पेशंट कुठाय?" मी जिन्याकडे पळता पळता म्हटलं, "मीच."

वरच्या मजल्यावरच्या गार खोलीत, गुणगुणणाऱ्या यंत्रांच्या मधोमध तो बसला होता. समोर टेबलावर माझा हिरवट कप, वाफाळत्या चहासकट.

"कप," मी धापा टाकत म्हटलं. "तुमच्याकडचा तो कप... मला त्याचा तळ बघायचाय."

तो सावकाश उभा राहिला. चेहरा असा उजळला, की मला बघवेना. "मला वाटलं, तुम्ही कधी विचारणारच नाही!" त्यानं कप उचलला आणि सगळा चहा एका दमात पिऊन टाकला. जीभ नक्कीच पोळली असणार, पण तो हसतच होता. कप उलटा केला. तळाशी जाड हिरव्या कापडाचा गोल तुकडा चिकटवलेला होता. "कुणाला दिसू नये म्हणून. पहिल्याच दिवशी ओळखलं मी, हा कोड आहे. माझ्या धंद्यात, अहो, असला कोड कुणी कुणाला देत नाही. सख्ख्या भावालासुद्धा नाही. आणि तुमच्या मावशी म्हणाल्या, 'तिनं हा खास तुमच्यासाठी काढून ठेवलाय...'"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जपून ठेवलाय. कुणाला दाखवलेला नाही. एवढा विश्वास.

"मावशीनं तसं सांगितलं?"

"म्हणजे... तुम्ही नव्हता काढून ठेवला?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्यापुढे ते जमेना. "मावशीनं थाप मारली. तिला ते कोड होते हेसुद्धा माहीत नाही. तो तुमच्याकडे... चुकून आला."

"चुकून," तो म्हणाला. मग त्याच्यातला दवाखान्याचा माणूस जागा झाला. "आणि बाकीचे नऊ?"

"बाजारात विकले गेले."

"बाजारात!" तो मटकन खाली बसला. "पासवर्ड तरी धड आहे ना? त्यात माती नाही ना?"

"नाही हो!"

"मग ठीक. नुसत्या कोडनं कुणाला आत जाता येत नाही." त्यानं कप हातात फिरवला. "एवढी घाई कशाची आहे?"

मग मी सांगितलं. भट्टी, डोंगर, आठ महिने, आजची संध्याकाळ. सांगताना त्याच्याकडे न बघता त्याच्या बुटांकडे बघत होते. आज त्यांवर माझ्या पायांची माती उडाली होती.

कापडाच्या कडेवर त्याचं नख टेकलेलं होतं. क्षणभर ते तिथेच थांबलं. तो म्हणू शकला असता, कोड पुसट झालाय, वाचता येत नाही. मला कधीच कळलं नसतं. मग त्यानं कापड एका झटक्यात ओढून काढलं आणि वाचायला लागला. एकेक आकडा. मी टाइप करत होते. चौथ्या आकड्यानंतर तो फारच हळू झाला.

"एवढं सावकाश का वाचताय?"

"चारच राहिलेत," तो म्हणाला.

पानाचं दार उघडलं. मी होकार लिहिला, पाठवला. आनंदच झाला होता मला, खरंच. मग रडू का येत होतं, ते विचारू नका.

"एकदा वापरला की कोड संपला," तो कप विसळत, पाठमोरा म्हणाला. "नऊ राहिलेत ते रद्द करून नवीन काढा. हा आता नुसता कप."

नुसता! त्या एका शब्दाचा मला इतका राग आला, की मी धड आभारही न मानता घरी आले आणि मावशीशी भांडले.

त्यानंतर तो आलाच नाही. ना बघायला, ना सांगायला. नवा फोन मीच घेतला, ठिपक्यांचा चौकोन मीच दाखवला, आकडे उगवले. जमलं सगळं मला. नवे कोड मी कागदावर उतरवून कपाटात कुलपात ठेवले. एक मात्र त्या कागदावर लिहिला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी पुन्हा त्या गार खोलीत गेले. या वेळी धुतलेल्या कपड्यांत. मला बघून तो उठला आणि पुन्हा बसला. टेबलावर तोच नुसता कप होता.

मी पिशवीतून दुसरा काढून त्याच्या शेजारी ठेवला. काल भट्टीतून निघालेला, निळा, जरासा वाकडा. तो मी मुद्दामच तसा केला होता.

त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग कप हातात घेऊन हलकेच उलटा केला. तळाशी आठ आकडे होते. त्यानं ते एकेक करून बोटानं चाचपले.

"हा... मावशींनी दिलाय?"

"मी दिलाय."

"चुकून?"

"शुद्धीत. मुद्दाम." थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. "बाकीचे कुलपात आहेत. हा एकच मातीत लिहिला. मला तू आवडतोस. फार आवडतोस. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण मला कुठे माहीत होतं, की तू एका कपावर महिनाभर वाट बघत बसलायस!"

'तू' म्हटलेलं त्यानं नीट ऐकलं. हळूहळू त्याचे डोळे पुन्हा हसायला लागले. त्यानं माझा हात धरला आणि ठसे नसलेल्या अंगठ्यावरून स्वतःचा अंगठा फिरवला. "मीही महिनाभर हेच सांगत होतो," तो म्हणाला. "पण कपाबद्दल बोलत होतो."

"आठ महिने आहेत," मी म्हटलं. "पण तूच म्हणाला होतास ना... एकदा गुपित वाटून घेतलं की पुरतं. मग न बोलता तेच उत्तर येतं."

"ते यंत्रांचं. माणसांनी पत्र लिहायचं असतं, भेटायला यायचं असतं. तुझ्या त्या डोंगरावर मला चढता येईल ना?"

"या बुटांनी नाही."

तो मोठ्यानं हसला. मग कप छातीशी धरून एकदम गंभीर झाला. "आणि पासवर्ड?"

"तो नाही मिळायचा."

"शाब्बास. कुणालाच द्यायचा नसतो." मग हळूच, "नक्की माती नाही ना त्यात?"

"सांगितलं ना, नाही."

"मग काय आहे?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. तो डोकं वाकवून माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिला आणि मग त्याच्या भुवया वर गेल्या.

"काळे च..."

मी पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "मोठ्यानं बोलायचं नसतं!"

पासवर्ड मला त्याच संध्याकाळी बदलावा लागला. कोड मात्र त्याच्याकडेच राहिला.